गॅरेजमध्ये मावणारं विमान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९२९ च्या सुमारास लंडनमधल्या एखाद्या माणसानं साडेसहाशे पौंड मोजले, की त्याला एक नवंकोरं विमान मिळायचं. दोन माणसांचं, उघडं, एका इंजिनाचं. त्याचे पंख खिडकीच्या झडपांसारखे मागे दुमडता यायचे. तीस फुटांचा पंखविस्तार दुमडला की दहा फुटांच्या आत यायचा. मग ते मोटारीच्या मागे बांधून घरी न्यायचं आणि मोठ्याशा गॅरेजमध्ये ढकलून द्यायचं. रविवारी ऊन पडलं की पुन्हा बाहेर काढायचं. या विमानाचं नाव होतं ‘मॉथ’.

आज खासगी विमान म्हटलं की आपल्यासमोर उद्योगपतींचं चकचकीत जेट उभं राहतं. त्यात मालक मागे बसतो आणि विमान दुसराच कुणीतरी चालवतो. मी आज बोलणार आहे ते याच्या अगदी उलट जातीच्या विमानाबद्दल. मालकानं स्वतः पुसायचं, स्वतः तेल घालायचं, स्वतःच चालवायचं, असं विमान. ते हौशी लोकांचं खेळणं होतं, हे खरंच. पण आपल्या देशात त्या खेळण्यानं एक असं काम केलं, की ज्याची इतिहासाच्या पुस्तकांत फारशी नोंद नाही. भारतीय माणसाला विमान चालवता येतं, हे सरकारनं मान्य करण्याआधी या खासगी विमानांनी सिद्ध करून दाखवलं.

आधी विमानाची गोष्ट. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनमध्ये लष्करी विमानांचे आणि इंजिनांचे ढीग पडून होते. स्वस्त होते, पण सामान्य माणसाच्या उपयोगाचे नव्हते. इंजिनं अवाढव्य आणि पेट्रोल पिणारी. दुसऱ्या बाजूला मोटारसायकलच्या इंजिनांवर उडणारी चिमुकली विमानंही काही जणांनी करून पाहिली. ती समोरून वारा आला की जागच्या जागी थांबल्यासारखी वाटायची. जेफ्री डी हॅविलंड या विमानरचनाकाराला याच्या मधलं काहीतरी हवं होतं. त्याचा मित्र फ्रँक हालफर्ड यानं युक्ती केली. युद्धातून उरलेलं आठ सिलिंडरचं इंजिन घेतलं आणि त्याच्या अर्ध्या भागातून चार सिलिंडरचं नवं इंजिन बसवलं. साठ अश्वशक्तीचं. मला ही कल्पना फार आवडते. लढाईचं सामान अर्धं करून त्यातून सहलीचं वाहन काढलं!

२२ फेब्रुवारी १९२५ ला लंडनजवळच्या स्टॅग लेनच्या मैदानावरून डी हॅविलंडनं स्वतः हे विमान उडवलं. त्याला फुलपाखरं आणि पतंग गोळा करण्याचा नाद होता, म्हणून पंख मिटणाऱ्या या विमानाला त्यानं ‘मॉथ’ म्हणजे पतंग हे नाव दिलं. मराठीत तर आणखीच मजा. आपल्याकडे दिव्यावर झेपावतो तोही पतंग आणि दोरीला बांधून उडवतो तोही पतंगच. पुढे १९२८ मध्ये त्यात ‘जिप्सी’ नावाचं नवं, जास्त ताकदीचं इंजिन आलं आणि ‘जिप्सी मॉथ’ जगभर पोहोचलं.

हे विमान चालवणं म्हणजे काय होतं, ते जरा डोळ्यांसमोर आणा. लाकडाचा सांगाडा, पंखांवर ताणून बसवलेलं कापड आणि त्या कापडावर ‘डोप’ नावाचा उग्र वासाचा लेप. त्यानं कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताठ व्हायचं. रिकाम्या विमानाचं वजन साधारण चारशे किलो. दोनतीन माणसं सहज ढकलत नेत. पेट्रोलची टाकी वरच्या पंखात, म्हणजे पेट्रोल आपोआप खाली इंजिनात उतरायचं, पंपाची भानगड नाही. बटण दाबून सुरू करायची सोय नाही. एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं पुढे उभं राहून पंखा हातानं फिरवायचा आणि इंजिन धरलं की चपळाईनं बाजूला व्हायचं. ब्रेक नाहीत, रेडिओ नाही. होकायंत्र, मांडीवर नकाशा आणि खाली दिसणारा लोहमार्ग किंवा नदी, एवढ्यावर दिशा ठरवायची. वेग ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर. समोरून जोराचा वारा असेल, तर खालची आगगाडी पुढे निघून जातेय हेही पाहावं लागे.

आणि किंमत? साडेसहाशे पौंड म्हणजे त्या वेळच्या दरानं साडेआठ हजार रुपयांच्या वर. आपल्याकडच्या कारकुनाच्या पगाराशी तुलना करण्यातही अर्थ नाही. शिवाय विमान घेणं सोपं, पोसणं कठीण. जागेचं भाडं, विमा, पेट्रोल, दर वर्षीची तपासणी, उड्डाणयोग्यतेचा दाखला. घरात हत्ती बांधावा तसं. म्हणून खरी क्रांती केली ती फ्लाइंग क्लबांनी. विमान क्लबाचं, तासाचे पैसे सभासदाचे. या क्लबांना ब्रिटिश सरकारनं अनुदान दिलं. त्यात परोपकार नव्हता. उद्या युद्ध झालं तर शिकलेले वैमानिक आयते मिळतील, हा हिशेब होता.

हीच पद्धत १९२८ च्या सुमारास भारतात आली. दिल्ली, कराची, कलकत्ता आणि मुंबई इथे क्लब निघाले. मुंबईचा क्लब जुहूला. समुद्राकाठची ती सपाट जमीन पावसाळ्यात चिखलाखाली जायची, आणि उरलेलं वर्ष तिथे मॉथ उडायची. तिथेच शिकून एका चोवीस वर्षांच्या तरुणानं १० फेब्रुवारी १९२९ ला परवाना मिळवला. भारतात दिला गेलेला तो पहिला वैमानिक परवाना, क्रमांक १. तरुणाचं नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. जेआरडी.

आता त्या वेळची परिस्थिती लक्षात घ्या. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल रॉय यांच्यासारखे मोजके भारतीय ब्रिटिश विमानदलात लढले होते. रॉय तर १९१८ मध्ये, विशीही गाठली नव्हती तेव्हा, लढता लढता मारले गेले. पण त्यानंतर ते दार पुन्हा बंदच झालं. भारताचं स्वतःचं विमानदल नव्हतं. लष्करातल्या वरच्या जागांवर भारतीय असावेत की नसावेत, यावरच समित्या बसत होत्या. अशा वेळी आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केलं. जो भारतीय एकट्यानं विमान चालवत इंग्लंडहून भारतात किंवा भारतातून इंग्लंडला पहिल्यांदा पोहोचेल, त्याला पाचशे पौंड. मुदतही ठरलेली.

तिघे जण मैदानात उतरले. एक मनमोहन सिंग, रावळपिंडीचे, इंग्लंडमध्ये इंजिनिअरिंग शिकलेले. त्यांनी आपल्या विमानाचं नाव ठेवलं होतं ‘मिस इंडिया’. ‘मिस’चा दुसरा अर्थ ‘चुकणं’ हाही होतो. हे महाशय इंडिया चुकवणारच, असा विनोद लंडनमध्ये झाला. दुसरे जेआरडी. तिसरा अस्पी इंजिनिअर, कराचीकडचा, रेल्वेतल्या इंजिनिअरचा मुलगा. वय वर्षं सतरा! मार्च १९३० मध्ये तो आर. एन. चावला यांच्या जोडीनं भारतातून इंग्लंडला उडत गेलाच होता. आता तो एकटा परत निघाला. एप्रिलच्या अखेरीस त्यानं क्रॉयडन सोडलं. ३ मे ला जेआरडी कराचीहून उलट दिशेनं निघाले. इराणचा किनारा, बगदाद, मग इजिप्त.

इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पी अडकून पडला होता. इंजिनाचे स्पार्क प्लग खराब झालेले आणि जवळ बदली प्लग नाहीत. जेआरडींकडे जादा प्लग होते. ते त्यांनी देऊन टाकले. अस्पीनं त्याच्या बदल्यात समुद्रावरून जाताना अंगात घालायचं आपलं तरंगतं जाकीट त्यांना दिलं. त्या प्लगांवर अस्पी ११ मे ला कराचीला पोहोचला. जेआरडी थोडक्यात मागे पडले आणि बक्षीस अस्पीला गेलं. मनमोहन सिंगही शेवटी पोहोचले, पण मुदत उलटून गेली होती. ही गोष्ट आपल्याकडे खिलाडूवृत्तीचा धडा म्हणून सांगतात. मला त्यात जास्त दिसतं ते हे, की वाटेत कुठेही विमान बंद पडलं तर मदत करणारं सरकार, कंपनी, पथक यांपैकी कुणीच पाठीशी नसलेली ही माणसं होती. प्लग मागायचा तर समोरच्या स्पर्धकाकडेच.

ते दिवसही कसले होते पाहा. ५ मे १९३० ला पहाटे क्रॉयडनच्या त्याच मैदानावरून एमी जॉन्सन नावाची तरुणी ऑस्ट्रेलियाला एकटी निघाली. वकिलाच्या कचेरीत टायपिंग करता करता उडायला शिकलेली, मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी. सहाशे पौंडांचं तिचं जुनं मॉथ घेण्यासाठी वडिलांनी हातभार लावला होता. सहा दिवसांत ती कराचीला आली. पुढे अलाहाबादला जाताना पेट्रोल कमी पडलं, तेव्हा झाशीला लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर उतरली. २४ मे ला ती डार्विनला पोहोचली. आणि ज्या ५ मे ला ती निघाली, त्याच दिवशी उत्तररात्री कराडी गावात झोपलेल्या गांधीजींना मिठाच्या सत्याग्रहासाठी अटक झाली होती. ८ मे ला सोलापुरात गोळीबार झाला आणि १२ तारखेला तिथे लष्करी कायदा पुकारला गेला. खाली हे चाललं असताना वर एक सतरा वर्षांचा भारतीय मुलगा साहेबाच्याच विमानातून, साहेबाच्याच देशातून एकटा घरी येत होता. त्याच्या मनात राजकारण नसेलही. पण बातमी वाचणाऱ्यांच्या मनात काय आलं असेल, याचा अंदाज करता येतो.

पुढच्या दोन वर्षांत चित्र बदललं. ८ ऑक्टोबर १९३२ ला भारतीय विमानदलाची स्थापना झाली. त्यानंतर बरोबर आठवड्यानं, १५ ऑक्टोबरला, जेआरडी ‘पस मॉथ’ या त्याच घराण्यातल्या विमानात टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. एअर इंडियाची सुरुवात ती. जुहूहून ते टपाल नेव्हिल विन्सेंट या त्यांच्या सहकाऱ्यानं बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. अस्पी इंजिनिअर विमानदलात गेले आणि १९६० ते १९६४ या काळात हवाई दलप्रमुख झाले. अस्पीनं बक्षीस जिंकलं याचा आपल्याला आनंदच आहे, त्यामुळे त्याला विमानदलात जायला मदत झाली, असं जेआरडी नंतर म्हणत. मनमोहन सिंगही दुसऱ्या महायुद्धात विमानदलात होते. ३ मार्च १९४२ ला ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम बंदरावर जपान्यांनी हल्ला केला, त्यात त्यांचा अंत झाला.

अर्थात हे सगळं सर्वांसाठी खुलं होतं असं नाही. क्लबाचा तासाचा दर देऊ शकणारे कोण होते? व्यापारी, संस्थानिक, बडे अधिकारी, त्यांची मुलं. काही मुलीही. लाहोरला सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथ एकटीनं उडवलं. संस्थानिकांत जोधपूरकरांचं वेड मोठं. त्याची किंमतही त्या घराण्यानं मोजली. देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या धामधुमीत, २६ जानेवारी १९५२ ला, महाराजा हनवंतसिंग आपलं छोटं विमान स्वतः चालवत असताना कोसळले. सोबत पत्नी झुबेदा होत्या. दोघेही गेले. निकाल लागले तेव्हा विजयी उमेदवार हयात नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात सरकारनं बरीचशी खासगी विमानं ताब्यात घेतली आणि तो जमाना संपला. स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टनं १९५८ मध्ये क्लबांसाठी ‘पुष्पक’ हे दोन आसनी विमान केलं. नाव किती समर्पक! पण सामान्य माणसानं ते घ्यावं असं वातावरण कधी झालं नाही. साधी इंधनाची गोष्ट घ्या. या छोट्या इंजिनांना लागणारं खास पेट्रोल आपण वर्षानुवर्षं आयात करत आलो. ते देशात बडोद्याच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार व्हायला २०२२ साल उजाडलं. अमेरिकेत अशी छोटी-मोठी खासगी विमानं दोन लाखांवर आहेत, ती काही केवळ श्रीमंतीमुळे नाहीत. गावोगाव धावपट्टी, पेट्रोल आणि मिस्त्री मिळतो म्हणून आहेत.

१५ ऑक्टोबर १९८२ ला अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी पुन्हा एकदा कराचीहून जुहूला एकटे उडत आले, ‘लेपर्ड मॉथ’मधून. त्या दिवशी संध्याकाळच्या बातम्यांत मी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत नववीच्या वर्गाला इतिहासाचा तास सोडून तेवढंच सांगितलं. मुलांनी विचारलं, “सर, ते विमान त्यांना दिसतं तरी कसं?” खिडकीतून, म्हटलं.

जुहूला आता मुख्यतः हेलिकॉप्टरं असतात. मुंबईच्या मोठ्या विमानांच्या गर्दीत शिकाऊ विमानांना जागा उरली नाही, म्हणून बॉम्बे फ्लाइंग क्लबनं विमानाचं शिक्षण धुळ्याला नेलं. धुळ्याची ती धावपट्टी आणखी एका विमानानं पाहिली. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत, चारकोपच्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनासाठी ते सुटं करून क्रेननं खाली उतरवावं लागलं. पंख दुमडून जिन्यानं नेता येईल असं ते नव्हतं. मग कागदपत्रं सुरू झाली. नोंदणी २०१७ च्या नोव्हेंबरात, उड्डाणाचा परवाना २०१९ च्या ऑक्टोबरात. २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेलं.