आठ-चाळीसचे ‘समाचार’ ते चोवीस तासांचा गलका

आमच्या मोहल्ल्यात पहिला टीव्ही आला तो १९८४च्या सुमारास. ज्यांचा मुलगा आखातात कामाला होता, त्या शेजाऱ्यांकडे. लाकडी शटरचा, कृष्णधवल. रात्रीची ईशाची नमाज आटोपली की पंधरावीस माणसं त्यांच्या ओसरीवर जमायची. मुलांना ओढ मालिकेची, मोठ्यांना बातम्यांची. आठ चाळीसला हिंदी ‘समाचार’ सुरू झाले की दादी आम्हाला दटावायची, “खबरां आ रैं, चुप बैठो!” पुढची वीसेक मिनिटं ओसरीवर कुणी बोलत नसे.

दादी शाळेत गेलेली नव्हती. पण सलमा सुलतान पडद्यावर आल्या की ती सावरून बसायची. कानाजवळ खोवलेला गुलाब, खांद्यावर नीट घेतलेला पदर आणि संथ आवाज. आपल्यातली एक बाई अख्ख्या देशाला बातम्या सांगते, याचा दादीला अभिमान होता. तो ती बोलून दाखवत नसे, पण आम्हाला कळायचा.

हे सगळं आठवलं की ‘तो काळ किती चांगला होता’ असं म्हणायचा मोह होतो. व्हॉट्सअॅपवर दूरदर्शनच्या जुन्या निवेदकांचे फोटो फिरतात, खाली लोक हळहळतात. मला मात्र ही हळहळ अर्धीच खरी वाटते. टीव्हीवर बातमी सांगायची रीत का बदलली, हे नीट पाहायचं असेल तर निवेदकाच्या चेहऱ्याआधी वाहिनीच्या घड्याळाकडे पाहिलं पाहिजे.

निवेदन करणारी माणसं

भारतात दूरचित्रवाणीचं प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झालं. रोजचं बातमीपत्र आलं १९६५ मध्ये. प्रतिमा पुरी या त्याच्या पहिल्या निवेदिका. तेव्हा टीव्ही हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. ‘दूरदर्शन’ आकाशवाणीपासून वेगळं झालं ते १ एप्रिल १९७६ रोजी. त्यामुळे टीव्हीची बातमी रेडिओच्या शिस्तीत वाढली. मजकूर दुसऱ्याने लिहायचा, निवेदकाने तो स्वच्छ वाचायचा. त्यात आपलं मत घालायचं नाही, भुवईसुद्धा उंचवायची नाही.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे अशी माणसं मराठी घरांत ओळखीची झाली. यातलं कुणी नाटकातलं, कुणी साहित्यातलं. उच्चार आणि आवाज हीच त्यांची कमाई. स्मिता पाटील सिनेमात जाण्याआधी इथेच बातम्या वाचत. त्या जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसत, हा किस्सा प्रसिद्ध आहे. कॅमेरा कमरेच्या वरचंच दाखवत होता, त्यामुळे ते खपून जायचं.

या माणसांना मराठीत ‘वृत्तनिवेदक’ म्हणत. हा शब्द नेमका होता. निवेदन करणारा बातमीचा मालक नसतो, तो फक्त ती पोचवतो. आज कुणी हा शब्द वापरत नाही, आज सगळे ‘अँकर’ आहेत.

घड्याळ तेव्हा ठरलेलं होतं. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम उपग्रहाच्या मदतीने देशभर जाऊ लागला, त्याच वर्षी रंगही आले आणि नोव्हेंबरातल्या एशियाडने रंगीत संच खपवले. १९८४ मध्ये छोटी प्रक्षेपण केंद्रं इतक्या वेगाने उभी राहिली की जवळजवळ दिवसाला एक, असं म्हटलं जायचं. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांना टीव्ही मिळाला तो यातूनच. पण या छोट्या केंद्रांवर दिल्लीच दिसायची. मुंबईच्या मराठी बातम्या दिसायला आम्हाला बरीच वर्षं वाट पाहावी लागली. आठ चाळीसला हिंदी, मग मालिका, त्यानंतर इंग्रजी बातम्या. सगळा देश एकाच वेळी तेच ऐकत असे.

शांत आवाजामागचं मौन

३१ ऑक्टोबर १९८४. सकाळी नऊ-सव्वानऊच्या सुमारास इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीने त्यांच्या मृत्यूची बातमी दुपारीच दिली. आकाशवाणीने ती अधिकृतपणे सांगितली संध्याकाळी सहाला. दूरदर्शनवर त्या संध्याकाळी सलमा सुलतान यांनी ती वाचली. राजीव गांधी त्या दिवशी बंगालमध्ये दौऱ्यावर होते. आपल्या आईचं काय झालं, याचा अंदाज घ्यायला त्यांनाही बीबीसी लावावी लागली होती.

म्हणजे देशाच्या पंतप्रधानांची हत्या होऊनही सरकारी माध्यमं कित्येक तास गप्प राहू शकत होती. बातमीला वेळ ठरलेली होती, आणि ती वेळ सरकारच्या हातात होती. पुढचे तीन दिवस दिल्लीत शीखांचं शिरकाण झालं. दूरदर्शन तीन मूर्ती भवनातून अंत्यदर्शनाचं थेट प्रक्षेपण करत होतं. त्या प्रक्षेपणात ‘खून का बदला खून’ अशा घोषणा ऐकू आल्याचं अनेकांनी पुढे सांगितलं. बाहेर जळणारी घरं मात्र पडद्यावर आली नाहीत.

म्हणून जुन्या निवेदकांच्या सौम्यपणाचं कौतुक करताना मला थोडं थांबावंसं वाटतं. तो सौम्यपणा त्यांचा स्वतःचा होता, त्यात खोट नव्हती. पण त्या शांत आवाजात काय सांगायचं नाही, हे कुणी तरी दुसऱ्याच खोलीत ठरवत होतं.

घड्याळ सैल झालं

या मक्तेदारीला पहिली भेग पडली ती वेळापत्रकाच्या बाहेरून. १९८८ मध्ये ‘न्यूजट्रॅक’ हे व्हिडिओ मासिक आलं. बातमीची कॅसेट लायब्ररीतून भाड्याने आणायची आणि व्हीसीआरवर घरी पाहायची. त्याच वर्षी दूरदर्शनवर प्रणय रॉय यांचा ‘द वर्ल्ड धिस वीक’ सुरू झाला. तो बाहेरच्या संस्थेने तयार केलेला होता, पण विषय जगाचा. देशातल्या बातम्या सरकारनं स्वतःकडेच ठेवल्या.

मग १९९१चं आखाती युद्ध झालं. मोठ्या हॉटेलांत सीएनएनवर युद्ध थेट दिसलं आणि गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. आमच्या मोहल्ल्यातली कित्येक माणसं आखातात होती, त्यामुळे ते युद्ध आमच्यासाठी परक्याचं नव्हतं. रात्रीच्या बातम्यांपर्यंत थांबायची कुणाची तयारी नव्हती. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला.

कायद्याची चौकट मोडली ती ९ फेब्रुवारी १९९५च्या निकालाने. निमित्त क्रिकेटच्या प्रक्षेपणाचं होतं. बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. हा निकाल देणाऱ्या खंडपीठात आपले न्या. पी. बी. सावंत होते. या निकालाचा दुसरा अर्धा भाग आपण विसरलो. मालमत्ता जनतेची असेल तर ती सरकारची जशी नाही, तशी पैसेवाल्यांचीही नाही. तिचा वापर जनतेच्या हितासाठी, स्वायत्त यंत्रणेच्या देखरेखीखाली व्हावा, असं न्यायालयाला अभिप्रेत होतं. दरवाजा उघडला, पण देखरेख करणारी तशी यंत्रणा खासगी वाहिन्यांसाठी काही उभी राहिली नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर ‘आज तक’ सुरू झालं. वीस मिनिटांचं बातमीपत्र, समोर सुरेंद्र प्रताप सिंह. दाढी, साधा पेहराव, बाजारात बोलावी तशी हिंदी. वाचणारा माणस स्वतः पत्रकार होता आणि त्याला बातमी कळलेली आहे, हे पाहणाऱ्याला जाणवायचं. दूरदर्शनचा ताठपणा गेला होता आणि आजचा आरडाओरडा अजून यायचा होता. माझ्या मते टीव्हीवरच्या बातमीचा तो सर्वांत चांगला काळ. जून १९९७ मध्ये सिंह गेले.

चोवीस तास भरायचे कसे?

फेब्रुवारी १९९८ मध्ये एनडीटीव्हीच्या मदतीने ‘स्टार न्यूज’ ही चोवीस तासांची वाहिनी आली. ३१ डिसेंबर २००० रोजी ‘आज तक’ चोवीस तासांचं झालं आणि महिन्याभरातच, २६ जानेवारीला, भूजचा भूकंप झाला. प्रेक्षकांनी ढिगाऱ्यातून निघणारी माणसं घरात बसून पाहिली. २००२ मध्ये गुजरातचा हिंसाचार कॅमेऱ्यांनी दाखवला. १९८४ मध्ये दिल्लीत जे झाकून राहिलं, ते आता झाकता येत नव्हतं. हे या वाहिन्यांचं ऋण मी मान्य करतो.

पण वीस मिनिटांत काय वगळायचं हा प्रश्न असतो, चोवीस तासांत काय भरायचं हा. जुलै २००६ मध्ये हरियाणात प्रिन्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा कूपनलिकेत पडला. जवळपास दोन दिवस सगळ्या वाहिन्या तिथेच होत्या. मुलगा वाचला, देशाने आनंद साजरा केला आणि संपादकांना एक धडा मिळाला: एकच घटना ताणली तर प्रेक्षक जागचा हलत नाही.

दुसरा धडा हिशेबाचा होता. बातमीदार, कॅमेरामन, गाडी, उपग्रहाचं भाडं यावर पैसे लागतात. चार पाहुण्यांना चौकटीत बसवून भांडायला लावलं तर जवळजवळ फुकटात तास भरतो. उत्पन्न जाहिरातीचं, जाहिरात टीआरपीवर, आणि टीआरपीचे आकडे आठवड्याला येणार. त्यामुळे रात्री नऊची वेळ बातमीपत्राकडून चर्चेकडे गेली. वाचणारा उठला, भांडण लावणारा बसला. पडद्याच्या चौकटी चारच्या सहा, सहाच्या आठ झाल्या. खाली पट्टी, वर पट्टी, ‘ब्रेकिंग’ हा शब्द दिवसभर.

मराठीतही फार वेळ लागला नाही. २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’, २००८ मध्ये ‘आयबीएन लोकमत’. सुरुवातीला त्यांनी चांगलं काम केलं. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी मराठीत, त्याच दिवशी, त्याच्या अंगणातून दिसू लागली. मुंबईला बसून दिल्लीकडे पाहायची सवय थोडी सुटली. पण हिशेब तोच होता, त्यामुळे रात्रीचं चित्रही हळूहळू तेच झालं.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला. कमांडो कुठे उतरतात, हे वाहिन्या थेट दाखवत होत्या. २०१२ मध्ये कसाबच्या अपिलावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये अशा कारवायांच्या थेट प्रक्षेपणाला नियमाने मनाई झाली. थांबायचं कुठे, हे वाहिन्यांना स्वतःहून कळलं नाही.

एप्रिल २०२०

थांबायचं कुठे हे न कळण्याची किंमत आम्ही मोजली ती करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत. निजामुद्दीनच्या मरकजची बातमी मार्चच्या शेवटी आली. ती बातमी होती, यात वाद नाही. साथीच्या काळात गर्दी झाली होती, प्रश्न विचारायलाच हवे होते. पण लोक घरात कोंडलेले, क्रिकेट बंद, मालिकांचं चित्रीकरण बंद, आणि चोवीस तास तर भरायचेच. काही वाहिन्यांनी हा एकच विषय कित्येक दिवस चालवला, साथीला धर्म चिकटवला. आमच्या गल्लीतून रोज हातगाडी घेऊन निघणाऱ्या भाजीवाल्याला पलीकडच्या वस्तीत नाव विचारून परत पाठवलं गेलं. तीस वर्षं तो तिथे भाजी विकत होता.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींविरुद्धचे गुन्हे रद्द केले. न्या. टी. व्ही. नलावडे यांनी लिहिलेल्या निकालपत्रात, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत या परदेशी लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाल्याचं नोंदवलं आहे आणि त्यांना बळीचा बकरा केल्याची शक्यताही बोलून दाखवली आहे. सोबतचे न्या. एम. जी. सेवलीकर निष्कर्षाशी सहमत होते, काही निरीक्षणांशी नव्हते. तेही सांगितलं पाहिजे. निकालाची बातमी आली. ती एक-दोन दिवसांत संपली. तिच्यावर कुणी पंधरा दिवस चर्चा ठेवली नाही.

१९८४ मध्ये बातमी दाबली गेली, २०२० मध्ये ती फुगवली गेली. पहिल्यात सरकारचं घड्याळ होतं, दुसऱ्यात बाजाराचं. ते घड्याळ पाहणाऱ्याच्या हातात दोन्ही वेळा नव्हतं. मला दूरदर्शनची मक्तेदारी परत नको आहे. सावंतांच्या खंडपीठाने १९९५ मध्ये जी सार्वजनिक मालमत्ता म्हटली, तिचा हिशेब विचारायला एखादी खरोखर स्वायत्त जागा हवी आहे. आणि बातमी नसेल त्या तासाला ‘आता बातमी नाही’ असं म्हणणारी एखादी वाहिनी.

शेजाऱ्यांच्या ओसरीवर बातम्या संपल्या की निवेदिका हात जोडायची. दादीही नकळत कपाळाला हात लावून सलाम करायची. मग मोठी माणसं उठून घरी जायची, आणि वाटेत ऐकलेल्या बातम्यांवर आपसात बोलायची. ते बोलणं हल्ली टीव्हीच करतो. आमच्या घरात २०२० पासून रात्री नऊला टीव्ही बंद असतो. सकाळी पेपर येतो, आणि भाजीवाला पुन्हा दोन्ही वस्त्यांत जातो.