बाईची समाधी कुठं आहे?



आजचा विषय ऐकून एखादी म्हणेल, चांगल्या वेळेला मसणवट्याचं बोलणं कशाला? पण इतिहास शोधायचा तर पोथ्या-पुस्तकांइतक्याच समाध्या कामाला येतात. मोठं माणूस कुठं विसावलं, तिथं दगड कुणी बसवला, दिवा कोण लावतं, एवढं विचारलं की त्या माणसाची कदर कुणी केली ते कळतं. आज आपण हे सगळं बायांबद्दल विचारणार आहोत.

आपल्या नांदेड-लातूर भागात शेवटच्या निरोपाच्या रीती वेगवेगळ्या आहेत. कुणी चितेवर देतं. लिंगायत समाजात बसवून माती देतात. मुसलमान, ख्रिस्ती आणि महानुभाव यांच्यातही पुरण्याची रीत आहे. त्यावरून नावंही वेगळी. संताची ती समाधी, राजाची ती छत्री, पीराचा तो दर्गा, बादशहाच्या घरच्या कबरीवर उभा राहतो तो मकबरा. गरिबाच्या वाट्याला चार धोंडे, तेही दोन पावसाळ्यांत मातीत जातात.

सुरुवात नांदेडपासूनच करू. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली नांदेडला गेले. जिथं त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तिथंच आजचा सचखंड हुजूर साहिब आहे. महाराजा रणजितसिंगांनी तो बांधला, १८३२ ते १८३७ या काळात. हे आपल्याला शाळेतल्या लेकरांकडूनही कळतं. पण गुरूंबरोबर माता साहिब कौर याही नांदेडला आल्या होत्या. शीख लोक त्यांना खालशाची आई मानतात. नांदेडजवळ गोदावरीकाठी त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. पुढं त्या दिल्लीला गेल्या, आणि त्यांचं शेवटचं ठिकाण दिल्लीच्या बाला साहिब गुरुद्वाऱ्यात आहे. म्हणजे नांदेडशी नातं असलेली एवढी मोठी बाई, पण किती जणींना तिचं नाव सांगता येईल? म्हणून विचारायचं.

आता गोदावरीच्या काठानंच वर गंगाखेडला जाऊ. परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड म्हणजे जनाबाईचं गाव. गरीब घरची पोर, पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणं, तिचं आयुष्य त्यातच गेलं. तिला ना राज्य होतं, ना वाडा, ना मूलबाळ. परंपरा सांगते की १३५० साली नामदेवांनी पंढरपूरच्या महाद्वारात समाधी घेतली, तेव्हा त्यांच्या घरच्या माणसांबरोबर जनीही तिथंच विसावली. ती नामदेव पायरी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आणि तिच्या जन्मगावी, गंगाखेडला नदीकाठी, तिचं समाधी मंदिरही आहे. एका कामकरी बाईला दोन ठिकाणं मिळाली. ती कुणी दिली? जात्यावर बसून तिचं नाव घेणाऱ्या बायांनी. सातशे वर्षं दळता दळता तोंडी जपलेलं नाव आहे ते.

तसंच मुक्ताबाईचं. भावंडं चार आणि ठिकाणंही चार. निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी, ज्ञानेश्वर आळंदीत, सोपानदेव सासवडला. आणि धाकटी मुक्ता तापीकाठी मेहूणला, विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावली असं म्हणतात. आज त्या तालुक्याचं नावच मुक्ताईनगर आहे. दर आषाढीला तिची पालखी तिकडून पायी पंढरपूरला निघते. पालखी हलते म्हणून नाव हलतं, नाहीतर तेही नदीच्या गाळात गेलं असतं.

आता राजघराण्यातल्या बायांकडे बघू. जिजाऊंचा जन्म सिंदखेडराजाला. शेवट रायगडाच्या पायथ्याला, पाचाडला. गडावरचा गार वारा त्यांना सोसत नव्हता, म्हणून शिवरायांनी पायथ्याला वाडा बांधून दिला. ६ जून १६७४ ला लेकाचा राज्याभिषेक डोळ्यांनी पाहिला आणि १७ जूनला त्या गेल्या. मध्ये फक्त अकरा दिवस. पाचाडला त्यांची समाधी आहे. रायगड बघायला जाणाऱ्यांतले कितीतरी जण रोपवेनं सरळ वर जातात आणि खाली आईकडे वळतही नाहीत. तुमच्या गटाची सहल निघाली तर आधी पाचाडला उतरा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. खुद्द शिवरायांच्या समाधीवरही पुढं झाडोरा माजला होता. जोतिराव फुल्यांनी रायगडावर जाऊन तिचा शोध घेतला आणि १८६९ साली महाराजांवर पोवाडा लिहिला. पुढं १८९५ साली टिळकांनी तिच्या दुरुस्तीसाठी निधी गोळा करायला घेतला. एवढ्या मोठ्या राजाची ही गत, तर मग सुनेचं काय झालं असेल?

शिवरायांची सून, राजाराम महाराजांची राणी ताराबाई. नवरा १७०० साली वारला तेव्हा ती पंचविशीतली होती. मांडीवर लहान लेक, आणि समोर औरंगजेब. सात वर्षं तिनं राज्य सांभाळलं. १७०७ साली बादशहा हरलेला, थकलेला मेला आणि इथंच खुलदाबादला उघड्या साध्या कबरीत विसावला. ताराबाई १७६१ साली गेली, साताऱ्याजवळ संगम माहुलीला तिची समाधी आहे, कृष्णेच्या काठी. पुराचं पाणी आणि गाळ यांनी तिची फार दुर्दशा केली. त्याच माहुलीत शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी आहे, आणि गावात येणारा माणूस ती आवर्जून बघतो. मुक्या जिवावर माया करावी, त्यात वाईट काही नाही. पण औरंगजेबाशी झुंजलेल्या राणीचा पत्ता विचारत फिरावं लागतं, ही आपल्यासाठी विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

अहिल्याबाई होळकर जामखेडच्या चौंडीच्या. आपल्याला त्या परक्या नाहीत. परळीच्या वैजनाथाचं आणि वेरूळच्या घृष्णेश्वराचं देऊळ त्यांनी नव्यानं उभं केलं. नवरा कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली पडला तेव्हा सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, त्यांना सती जाऊ दिलं नाही. पुढं सासरे गेले तर आलमपूरला त्यांची छत्री या सुनेनंच बांधली. दुसऱ्यांच्या समाध्या बांधणारी ही बाई १३ ऑगस्ट १७९५ ला महेश्वरला गेली. तिथं नर्मदेच्या काठी तिची छत्री आहे. घाट तिचा, विणकरांचे माग तिनं आणलेले, महेश्वरी लुगडं तिच्यामुळं. दगडाची छत्री नसती तरी त्या लुगड्यानं तिचं नाव राखलं असतं.

आता छत्रपती संभाजीनगरला या. बीबी का मकबरा आपण सहलीत बघतो, फोटो काढतो, 'गरिबाचा ताजमहाल' म्हणतो आणि परत येतो. आत कोण आहे? दिलरस बानू बेगम, म्हणजे राबिया दुराणी, औरंगजेबाची बायको. १६५७ साली सप्टेंबरात तिला मुलगा झाला आणि महिन्याभरात, ऑक्टोबरात, ती बाळंतपणाच्या दुखण्यानं गेली. आणि तिची सासू मुमताज, जिच्यासाठी ताजमहाल बांधला, ती? १६३१ साली बुऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात गेली.

बायांनो, जरा थांबून ऐका. हिंदुस्थानातल्या दोन सर्वांत देखण्या कबरी, आणि दोघीही बाळंतपणानं मेलेल्या. घरात हकीम, दासी, सोनंनाणं सगळं होतं. मकबऱ्याला तर साडेसहा लाखांच्या वर रुपये लागले, त्या काळचे. पण जिवंतपणी त्या बाईला वाचवता येईल असं ज्ञान कुणाजवळ नव्हतं. संगमरवर बघताना हेही आठवा. आणि आपल्या घरात कुणी गरोदर असेल तर तिची तपासणी चुकवू नका.

याच दुःखातून एक मराठी पोर उठली. आनंदीबाई जोशी, जन्म १८६५. चौदाव्या वर्षी बाळंत झाली आणि लेकरू दहाच दिवसांत गेलं. बायांना बाई डॉक्टर पाहिजे, हे तिनं मनात धरलं. अमेरिकेत न्यू जर्सीला राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईनं एका मासिकात त्यांच्या घरची हकीकत वाचली आणि पत्र धाडलं. पत्रांवर पत्रं झाली, आनंदी तिला मावशी म्हणू लागली. १८८३ साली ती बोटीनं अमेरिकेला गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. तिनं पदवीसाठी लिहिलेला निबंधही बाळंतपणावरचाच होता. परत आली ती क्षय घेऊन. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

तिची राख कुठं आहे, माहिती आहे? अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी. राख तिकडं पाठवली गेली आणि कार्पेंटर मावशीनं ती आपल्या घराण्याच्या दफनभूमीत, आपल्या माणसांशेजारी ठेवली. वर नाव कोरलेला दगड बसवला. जात वेगळी, धर्म वेगळा, भाषा वेगळी, रक्ताचं नातं काही नाही. पण मैत्रीण मैत्रिणीला विसरली नाही.

अजून एक नाव घ्यायलाच पाहिजे. १८९० साली जोतिराव फुले गेले. मडकं कुणी धरायचं यावरून भाऊबंद भांडायला उठले, दत्तक मुलाला हक्क नाही म्हणाले. तेव्हा सावित्रीबाईंनी पदर खोचला, मडकं हातात घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढं चालल्या आणि चितेला अग्नी दिला. बाईनं मातीला जाऊ नये म्हणणाऱ्या गावाला हे सांगत जा. पुढं १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्या स्वतः गेल्या.

आता आपल्या घरची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं थकून झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं बसली. जवळपास दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली झोपेतच गेली. लाकूड पुरेना, पाऊस थांबेना, एका चितेवर किती जण ते मोजायला कुणाला उसंत नव्हती. माय, लेक, सून एकाच सरणावर. त्यांची वेगळी समाधी कुठून असणार? किल्लारीला स्मृतिस्तंभ आहे, दरवर्षी ३० सप्टेंबरला तिथं मानवंदना देतात. तो एकच दगड एवढ्या सगळ्यांचा. म्हणून तिथली जाणती माणसं अजूनही नावं घेऊन रडतात. नाव घेतलं की माणूस गर्दीतून वेगळा होतो.

तर मैत्रिणींनो, एवढं सगळं फिरून काय दिसलं? बादशहानं बांधलेलं टिकलं, ते पैशावर. राणीची समाधी गाळात रुतली, कारण बघणारं कुणी उरलं नाही. जनाबाई टिकली बायांच्या तोंडी. आनंदीबाई टिकली मैत्रिणीच्या हातानं. यातला पैसा आपल्याकडे नाही. पण तोंड आहे, हात आहेत, आणि गट आहे.

म्हणून दोन कामं सांगते. पहिलं, गटाच्या वहीची शेवटची चार पानं राखून ठेवा. आपल्या आजीचं, पणजीचं, गावच्या सुईणीचं, रझाकारांच्या काळात माणसं लपवणाऱ्या बाईचं नाव त्यात लिहा. माहेरचं नाव, सासरचं नाव, कुठं माती दिली किंवा कुठं राख सोडली. 'अमक्याची बायको' एवढंच लिहू नका, तिचं स्वतःचं नाव लिहा. म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा, त्यांच्याबरोबर नावंही जातात.

दुसरं, घरात कुणी गेलं तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करा. बाई गेली तर हटकून करा. शेत तिच्या नावचं नव्हतं, मग कागद कशाला, असं म्हणून आपण सोडून देतो. आणि नोंद करताना नाव आधार कार्डावर आहे तसंच आहे ना, हे वाचून घ्या. उद्या लेकीला आईच्या वाट्याचा हक्क मागायचा असेल, बँकेत खातं असेल, विमा असेल, तर तोच कागद बोलतो. आणि बाळंतपणात बाई गेली असेल तर तेही लपवू नका. किती गेल्या आणि कशानं गेल्या ते कळलं, तरच पुढची वाचेल.

पंचायतीच्या रजिस्टरातली ती एक ओळ म्हणजे गरिबाच्या बाईचा कोरलेला दगड आहे. तो तरी नीट कोरून घ्या.

राम राम, जय भीम, सलाम. भेटू पुढच्या वेळी.