काचेच्या कपाटातील निळा दगड

विश्रांतवाडीतील आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत काचेचे एक कपाट आहे. घरात त्याला 'शोकेस' म्हणतात. आपल्या समाजातील बहुतेक घरांत अशी शोकेस असते आणि तिच्यात काय असते हेही वाचकांना ठाऊक आहे. आमच्या कपाटात, १९९४ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाला जुन्या गोव्यास गेलो असता घेतलेले शिंपल्यांचे गलबत आहे. लग्नात भेट आलेला, एक मिनार मोडलेला ताजमहाल आहे. काचेचा हंस आहे. आजीचा पोपटाच्या आकाराचा पितळी अडकित्ता आहे. आणि सर्वांत खालच्या कप्प्यात मुठीएवढा, पांढऱ्या स्फटिकांवर गडद निळे ठिपके असलेला एक दगड आहे.

गेल्या नाताळापूर्वी आम्ही घराला रंग काढला. कपाट रिकामे करताना घरातील धाकट्या मंडळींनी वस्तूंचे दोन ढीग केले : एक ठेवायच्या वस्तूंचा आणि दुसरा भंगारवाल्याचा. ताजमहाल पहिल्या ढिगात गेला. अडकित्ता, ज्याचे पाते केव्हाच निसटले आहे, आणि तो दगड दुसऱ्या ढिगात गेले. आम्ही ते दोन्ही मुकाट्याने उचलून पुन्हा कपाटात ठेवले. "याचे करायचे काय?" असे विचारले गेले तेव्हा आम्हांला धड उत्तर देता आले नाही. पुढचा मजकूर म्हणजे तेच उत्तर, जरा लांबलेले.

या कपाटाचा वंशवृक्ष मोठा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातील राजेरजवाडे, वैद्य आणि विद्वान आपापल्या घरी अद्भुत वस्तूंची दालने सजवीत असत. त्यांत एकीकडे निसर्गाच्या करामती असत : शंख, पोवळी, पेंढा भरलेल्या मगरी, आणि एकशिंग्या घोड्याचे शिंग म्हणून विकला जाणारा उत्तर समुद्रातील माशासारख्या एका प्राण्याचा दात. दुसरीकडे माणसाच्या हातच्या करामती असत : घड्याळे, हस्तिदंताची कोरीव कामे, आपोआप हलणारी खेळणी. या दोहोंची सरमिसळ त्या काळी कोणाला खटकत नसे. आज ज्याला आपण संग्रहालय म्हणतो त्याचा जन्म अशाच दालनांतून झाला आहे.

रोम येथील येशूसंघाच्या महाविद्यालयात १६५१ साली असेच एक दालन सुरू झाले. अल्फोन्सो दोन्निनी नावाच्या गृहस्थाने आपला संग्रह महाविद्यालयाला दिला आणि तो फादर अथानासियुस किर्खर यांच्या हाती आला. किर्खर (१६०२-१६८०) हे येशूसंघीय धर्मगुरू होते आणि त्यांना कुतूहल नव्हते असा विषय शोधूनही सापडणार नाही. चुंबकावर चालणारी यंत्रे, भिंतीतून बोलणारी नळी, इजिप्तमधील स्तंभांच्या लाकडी प्रतिकृती असे बरेच काही त्यांनी तेथे मांडले. त्यांचे अनेक निष्कर्ष पुढे चुकीचे ठरले. इजिप्तची चित्रलिपी आपण वाचली असे त्यांना वाटत होते, ते तर साफ चुकले. तरी आपल्या दृष्टीने त्यांचे एक ऋण आहेच. आग्र्याला कार्य केलेले फादर हाइनरिख रोट १६६४ साली रोमला गेले असता त्यांनी किर्खर यांना देवनागरी अक्षरे काढून दिली आणि ती १६६७ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे किर्खर यांच्या चीनविषयीच्या ग्रंथात छापली गेली. 'पातेर नोस्तेर' ही प्रभूची लॅटिन प्रार्थना त्या ग्रंथात देवनागरी लिपीत दिली आहे. ज्या लिपीत आपण हे वाचत आहात, ती तेव्हा रोममध्ये मगरीच्या शेजारी मांडावी अशी नवलाईची वस्तू होती.

अशा दालनांत आपल्याकडची आणखी एक वस्तू मोठ्या मानाने विराजमान झालेली असे. तिचे नाव 'गोव्याचा दगड'. रानबकऱ्यांच्या पोटात सापडणाऱ्या खड्याने विष उतरते अशी त्या काळची समजूत होती. असे खडे दुर्मिळ आणि म्हणून महाग असत. तेव्हा सतराव्या शतकाच्या मध्यास गोव्यातील येशूसंघीयांनी कृत्रिम खडे घडवायला सुरुवात केली. हे काम गास्पार अंतोनियो नावाच्या, मूळच्या फ्लॉरेन्सच्या, बंधूंच्या नावाशी जोडलेले आहे. शिंपल्यांची पूड, अंबर, कस्तुरी, राळ, रत्नांचा चुरा असे नाना पदार्थ मळून त्यांचा गोळा वळीत, घोटून तो गुळगुळीत करीत आणि वर सोन्याचा वर्ख देत. पाण्यात किंवा चहात त्याची पूड खरवडून घेतली की विष, ज्वर, सारे पळते असा विश्वास होता. गुण किती जणांना आला असेल हा भाग वेगळा; किंमत मात्र चांगली येत असे. न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असा एक दगड आहे आणि तो जाळीदार सुवर्णपात्रात ठेवलेला आहे. पात्रावर पशूंच्या आकृतींची दाटी आहे, आणि त्यांत एकशिंगी प्राणीही आहेत. ज्या सोनाराने ते घडवले त्याने आयुष्यात एकशिंग्या खासच पाहिला नसणार. पण त्याचा हात कोठेही अडखळलेला नाही.

येथे एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. गोळा वळणाऱ्या बंधूंचे नाव इतिहासात राहिले. ज्या पात्रामुळे आज लोक त्या गोळ्यापुढे थांबतात, ते घडवणाऱ्या सोनाराचे नाव राहिले नाही.

आता आजीच्या अडकित्त्याकडे येऊ. पुण्यात असा अडकित्ता पाहायचा तर बाजीराव रस्त्याजवळील राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे लागते, आणि तेथे गेल्यावर आपला अडकित्ता किती साधा होता हे कळून चुकते. मोर, घोडे, स्त्री-पुरुषांच्या जोड्या अशा किती आकारांत सुपारी कातरली जात होती! जवळच टाच घासायच्या वज्र्या आहेत, त्यांच्या पाठीवर पशुपक्षी बसले आहेत. विंचवाच्या आकाराचे कुलूप आहे. हात लावण्यापूर्वीच चोराने दचकावे असा कारागिराचा मिश्कील हेतू असावा. दिवे, दौती, पानाचे डबे, गंजिफा, बाहुल्या यांना तर गणतीच नाही. संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत; त्यांतील सुमारे अडीच हजारच मांडता येतात.

या सर्व वस्तू एका माणसाने जमवल्या. डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांचे चष्म्याचे दुकान होते. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला आणि तो पुढे सत्तर वर्षे सुटला नाही. पत्नी कमलाबाई यांनी या खटाटोपात त्यांना साथ दिली. त्यांचा एकुलता मुलगा राजा बालपणीच वारला. संग्रहालयाला त्याचे नाव आहे. हे ठाऊक असल्यावर तेथील बाहुल्यांच्या आणि खेळण्यांच्या कपाटापुढे आम्हांला फार वेळ उभे राहवत नाही. पुढे हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९८० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

युरोपातील ती दालने आणि केळकरांचा वाडा यांत एक मोठा भेद आहे. तेथे दूरचे, दुर्मिळ, परके ते अद्भुत मानले जाई. केळकरांनी स्वयंपाकघरातले, न्हाणीघरातले, माजघरातले जे होते ते उचलले. रोजच्या वापराच्या वस्तूला आकार देताना कोणा तांबटाला किंवा लोहाराला खेळ सुचला. त्या खेळाची त्यांनी कदर केली. सुपारी कातरायला पोपट लागत नाही. तरी तो केला, आणि गिऱ्हाइकाने तो हौसेने घेतला. श्रीमंतांच्याच घरी हौस असते असे मानणाऱ्यांनी ही कपाटे एकदा सावकाश पाहावीत.

केळकर कविताही लिहीत आणि त्यांचे टोपणनाव होते 'अज्ञातवासी'. संग्रहालयातील चिठ्ठ्या वाचताना ते नाव आम्हांला पुन्हा पुन्हा आठवते. वस्तू काय, कोठली, कोणत्या शतकातील हे चिठ्ठीवर असते. ती कोणी घडवली हे जवळजवळ कोठेच नसते. संग्राहकाने विचारले नाही म्हणून नव्हे, तर वस्तू त्याच्या हाती येईपर्यंत सांगणारे कोणी उरलेलेच नव्हते.

राहिला निळा दगड. तो मात्र कोणी घडवलेला नाही. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आपल्या दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे आत अडकले आणि काळ्या कातळात पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत खनिजे विरघळलेले पाणी झिरपत राहिले आणि भिंतींवर स्फटिक धरत गेले. १८६३ साली पूर्ण झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गासाठी डोंगर फोडले, तेव्हा असे स्फटिक भरभरून सापडले. यांतील बऱ्याच खनिजांना 'झिओलाइट' म्हणतात. हे नाव क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली दिले. तापवल्यावर दगडातील पाणी सुटून तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून ग्रीक भाषेत 'उकळणारा दगड'. त्याच कुळातील कृत्रिम पूड आज आपल्या कपडे धुण्याच्या पावडरीत असते, हे गृहिणींना सांगितले तर खरे वाटणार नाही.

आमच्या दगडावरील पांढरे स्फटिक स्टिल्बाइटचे आहेत. निळे ठिपके म्हणजे कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची सुरुवातीची अक्षरे जोडून हे नाव तयार झाले आहे आणि निळाई व्हॅनेडियमची आहे. हे खनिज प्रथम अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९६७ साली सापडले, पण तेथले अगदी बारीक. मोरपिसालाही लाजवील असे निळे, टपोरे गुच्छ मिळाले ते विश्रांतवाडीपासून फार दूर नसलेल्या वाघोलीच्या खाणींत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हे नमुने जगभर गेले. आज परदेशातील मोठ्या संग्रहालयांत कॅव्हन्साइट मांडलेले असते, आणि त्याच्या चिठ्ठीवर बहुधा 'वाघोली, पुणे, महाराष्ट्र' असे लिहिलेले असते. खनिजाच्या व्यापारात ही चिठ्ठी फार मोलाची. ठिकाण लिहिलेले नसेल तर तोच नमुना निम्म्या मोलाचाही राहत नाही.

वाघोलीच्या खाणी मात्र स्फटिकांसाठी नव्हत्या. त्या खडीसाठी होत्या. सुरुंग लावायचा, कातळ उडवायचा, घणाने फोडायचा आणि क्रशरमध्ये घालायचा, असे ते काम. पुण्याचे रस्ते आणि इमारती त्या खडीवर उभ्या आहेत. जी पोकळी माणसाच्या नजरेस पडली ती वाचली, जी पडली नाही तिची खडी झाली. नजर कोणाची? दिवसभर धुळीत उभे राहून दगड फोडणाऱ्याची. संग्रहालयातील प्रत्येक निळ्या गुच्छामागे 'थांबा, हा फोडू नका' असे म्हणणारे कोणीतरी आहे.

आमचा दगड १९९१ सालचा. विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्ता जातो. ज्येष्ठ महिन्यात ज्ञानोबांची पालखी याच वाटेने पुण्यात येते. त्या वर्षी आमच्या गल्लीत बांधकाम चालू होते आणि वाघोलीहून खडीचे ट्रक येत. नाताळ जवळ आला होता. गव्हाणीची गुहा रचायला ओबडधोबड दगड हवे होते, म्हणून ट्रकवरच्या एका माणसाला आम्ही सहज म्हटले, "दादा, पुढच्या खेपेला चार दगड आणाल का?" त्याने अर्धे पोते दगड आणले. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. जाताना खिशातून रुमालात गुंडाळलेला हा दगड काढला आणि म्हणाला, "हा वर ठेवा, बाळाच्या डोक्याशी. चांदणीवानी दिसंल."

आम्ही तो तसा ठेवला. पुढे कित्येक नाताळांना तो गुहेच्या माथ्यावर होता. मग तयार गव्हाण्या बाजारात आल्या, दगड रचायचे श्रम नकोसे झाले आणि निळा दगड कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेला.

वाघोली २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आली. जेथे सुरुंगांचे आवाज येत, त्या भागांत आता उंच इमारती आहेत. आम्ही मध्यंतरी तेथे जाऊन चौकशी केली. एका चहाच्या टपरीवर दोघे वृद्ध भेटले. दोघांनीही उमेदीची वर्षे खाणीत काढली होती. निळा दगड म्हणताच त्यांचे चेहरे उजळले. एक म्हणाला, "अशे लई निघायचे. येपारी यायचा, पाच-पंचवीस द्यायचा." पण तीस-बत्तीस वर्षांपूर्वी विश्रांतवाडीला खडी घेऊन येणारा तो माणूस कोण, हे त्यांना कसे सांगता यावे? ट्रक कोणाचा होता एवढेही आम्हांला आठवत नव्हते.

घरी येऊन आम्ही दोन चिठ्ठ्या केल्या. अडकित्त्याच्या चिठ्ठीवर आजीचे नाव, माहेरचे गाव आणि 'पाते नाही' असे लिहिले. घडवणाऱ्याची जागा कोरी राहिली. दगडाच्या चिठ्ठीवर लिहिले : कॅव्हन्साइट, स्टिल्बाइटवर. वाघोली. डिसेंबर १९९१. खाली 'देणार' असा शब्द लिहिला आणि लेखणी थांबली. त्या दिवशी त्याला चहा दिला, साखर किती ते विचारले. नाव विचारले नव्हते.