सोयाबीनचा भाव खरोखर बाजार ठरवतो?

'सोयाबीनचा भाव जागतिक बाजार ठरवतो, सरकारला बोल लावण्यात अर्थ नाही,' असे जाणती माणसेही सांगतात. त्यांचा दुसरा युक्तिवाद असा, की मते शेतकऱ्यांकडे आहेत. मूठभर उद्योगांसाठी कोणते सरकार त्यांना दुखावेल? ब्राझीलच्या पिकाचा भार आपल्या भावावर पडतो, हे मीही नाकारत नाही. पण गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावच्या सोयाबीन उत्पादकाचे गेले काही हंगाम तपासले, की दोन्ही मुद्दे ढासळतात.

२०२१ च्या पावसाळ्यात भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला. हमीभाव होता ३,९५०. ही तेजी बाजारानेच दिली होती. कुक्कुटपालन उद्योगाच्या संघटनांनी पेंड महागल्याची ओरड केली, आयात मागितली. त्यांची अडचण खरी होती. २४ ऑगस्टला केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला मुभा दिली. जे बियाणे इथे पेरणे गुन्हा, त्याचीच पेंड चालली. कारण दिले, पेंडीत सजीव काही नसते. इंदूरच्या सोयाबीन प्रक्रियादारांच्या संघटनेचाही या आयातीला विरोध होता. आणि मुदत कोणती? ३१ ऑक्टोबर. म्हणजे ऐन आपल्या काढणीची! नवा माल आला की भाव उतरतोच. पण त्याच तोंडावर आयातीचे दार उघडायचे आणि पुन्हा बाजाराकडे बोट दाखवायचे, हा कुठला न्याय? चढत्या भावाला सरकार आडवे येते. पडत्या भावाला मात्र बाजार जबाबदार.

आता मतांचे वजन. २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ आणि बाजार त्याच्या खाली. खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट १२ टक्क्यांची. दाताखाली कडक लागणारा दाणाही मीटरवर चौदा दाखवी आणि माल परत येई. ही अट १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली १५ नोव्हेंबरला. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला. मताला वजन आहेच, पण ते पाच वर्षांतून एकदा. दिवाळीच्या खर्चासाठी ज्याने आधीच आडतीवर माल घातला, त्याच्या पदरात काय पडले?

उद्योगाचे तसे नसते. ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आले. आयात तेल स्वस्त झाले, की सोयाबीनचा भावही खाली ओढला जातो. कारण सांगितले ग्राहकहिताचे. मग रिफाइंड तेलावरचे ३५.७५ टक्के शुल्क जागचे हलले का नाही? अधिभार धरून कच्च्या तेलावर १६.५ टक्के उरले, तफावत १९.२५ टक्क्यांची झाली. ही तफावत वाढवा, अशी मागणी खाद्यतेल उद्योगाची संघटना, सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशन, उघडपणे करत होती. निर्णयाचे स्वागतही तिने केले. यात लाच नाही, गुपित नाही. बारा महिने पाठपुरावा करण्याची ऐपत आहे, आणि तीच निर्णायक ठरते.

त्या मे अखेरीस राणीसावरगावात पेरणीची जुळवाजुळव चालू होती. बियाणे, खत, उधारी, सगळे जुन्या शुल्काच्या भरवशावर. शुल्क उतरवण्याआधी त्या शेतकऱ्याला कोणी विचारले होते, एवढे बाजाराचा दाखला देणाऱ्यांनी सांगावे.