सामाजिक संशोधनाला पैसा कोणी दिला?

आपल्या समाजातील पालकांना मुलाने डॉक्टर किंवा इंजिनीअर व्हावे असे वाटते, यात गैर काही नाही. पण मुलगी जर म्हणाली की मला समाजशास्त्र घ्यायचे आहे, तर घरात क्षणभर शांतता पसरते. त्यावर पोट कसे भरणार, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्यामागे आणखी एक प्रश्न आहे. माणसांची, वस्त्यांची, शाळांची पाहणी करण्यासाठी लागणारा पैसा येतो कुठून? त्याचा इतिहास मोठा मनोरंजक असून त्यात महाराष्ट्राचा वाटा फार मोठा आहे.

याची सुरुवात मुंबई विद्यापीठापासून होते. अर्थशास्त्र व समाजशास्त्र शिकविण्यासाठी १९१४ साली हिंदुस्थान सरकारने विद्यापीठास अनुदान देऊ केले. प्रत्यक्ष विभाग उभा राहावयास १९१९ साल उजाडले. नगररचनाकार म्हणून नाव कमावलेले पॅट्रिक गेडिस हे पहिले प्राध्यापक. त्यांनी एका तरुणाची निवड केली आणि विद्यापीठाने त्या तरुणास शिष्यवृत्ती देऊन इंग्लंडला धाडले. हा तरुण म्हणजे आपल्या कोकणातील मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. केंब्रिजहून परतल्यावर १९२४ साली त्यांनी विभागाची सूत्रे हाती घेतली आणि पुढची पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई हे सारे त्यांचेच विद्यार्थी. एका शिष्यवृत्तीचा हिशेब मांडावयाचा झाला तर तो असा मांडावा लागतो.

याच काळात नागपाड्यात एक वेगळे काम चालू होते. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने तेथे नागपाडा नेबरहुड हाऊस चालविले होते. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने १९३६ साली समाजकार्याची जी शाळा निघाली, ती या इमारतीतच. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली व देवनारला गेली. आज पूनम सागर, नया नगर भागात राहणाऱ्या कित्येक कुटुंबांचे वडीलधारे नागपाडा, भायखळा, डोंगरी येथून आलेले आहेत. आपल्या आजोबांच्या गल्लीत देशातील समाजकार्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण सुरू झाले, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

स्वातंत्र्यानंतर नियोजन आले आणि नियोजनाला आकडे लागतात. नियोजन मंडळाने १९५३ साली संशोधन कार्यक्रम समिती नेमली. विद्यापीठांनी व संस्थांनी विषय सुचवावेत, समितीने ते तपासून पैसा द्यावा, अशी योजना होती. पुण्याच्या गोखले संस्थेला अशा कामाचा सराव होताच. धनंजयराव गाडगीळ यांनी तेथे पुणे शहराची घरोघर पाहणी १९३० नंतरच्या दशकातच केली होती. मुंबई विद्यापीठात डॉ. डी. टी. लकडावाला यांनी मुंबई शहराच्या आर्थिक पाहणीचा ग्रंथ १९६३ साली सिद्ध केला. कोण किती कमावतो, किती जण एका खोलीत राहतात, हे लोकांच्या तोंडून ऐकून लिहून काढणे हे किती चिकाटीचे काम आहे, ते ज्याने एकदा फॉर्म भरून घेतले त्यालाच ठाऊक!

पण अनुदान नियोजन मंडळाचे असले की विषयही नियोजनाच्याच सोयीचे निघतात. संशोधकांची स्वतंत्र संस्था हवी, असे डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या समितीने सुचविले आणि १९६९ साली भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, सदस्य-सचिव जे. पी. नाईक. दोघेही मराठी. गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे, कोठारी शिक्षण आयोगाचेही सदस्य-सचिव. गाडगीळ १९७१ साली वारले. परिषदेला खरा आकार नाईकांनी दिला, असे माझे मत आहे. संशोधकाने आराखडा पाठवावा, त्या विषयातील जाणकारांनी तो वाचावा, समितीने मंजूर करावा आणि काम होईल तसा हप्त्याने पैसा मिळावा, अशी ही पद्धत आहे. कागदपत्रांचा कंटाळा येतो खरा, पण वशिल्यापेक्षा कागद बरा.

नाईकांच्या काळात परिषदेने अनुसूचित जाती-जमातींच्या शाळा-कॉलेजांतील विद्यार्थ्यांची देशभर पाहणी करविली. सुमा चिटणीस यांचा पंधरा राज्यांचा अहवाल १९८१ साली आला. मुसलमान समाजाला आपले चित्र हाती यावयास मात्र फार थांबावे लागले. डॉ. गोपाल सिंग यांच्या समितीने १९८३ साली अहवाल दिला, तो कित्येक वर्षे तसाच पडून राहिला. अखेर २००६ साली न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीचा अहवाल आला.

त्या अहवालाने काय केले ते नीट पाहा. मुसलमानांची मुले मदरशातच शिकतात, असा सार्वत्रिक समज होता. आकडा निघाला शंभरात सुमारे तीन. देशात मुसलमानांची साक्षरता ५९.१ टक्के, एकूण सरासरी ६५.१, पण महाराष्ट्रात मुसलमान ७८.१ आणि राज्याची सरासरी ७६.९! म्हणजे आपल्या राज्यात आमचे दुखणे अक्षरओळखीचे नसून त्यापुढील पायऱ्यांचे आहे. दहावीनंतर मुले कुठे गळतात, हा खरा प्रश्न आहे. भाषणे करून हे कळले नसते. पुढे अल्पसंख्याकबहुल म्हणून निवडलेल्या ९० जिल्ह्यांची पाहणी याच परिषदेमार्फत झाली; त्यांत आपल्या राज्यातील परभणी, हिंगोली, वाशीम व बुलढाणा हे जिल्हे होते. राज्य सरकारनेही २००८ साली महमूदुर रहमान समिती नेमली आणि तिचा अहवाल २०१३ साली आला.

आता विद्यार्थ्यांसाठी. अल्पसंख्याकांच्या पीएच.डी.साठी २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद फेलोशिप केंद्र सरकारने २०२२ च्या अखेरीस बंद केली. हे नुकसान मोठे आहे, ते लपविण्यात अर्थ नाही. तरीही नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप आणि परिषदेची डॉक्टरेट फेलोशिप या वाटा आहेत. परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना आवारातच आहे; इमारतीचे नाव जे. पी. नाईक भवन. मीरा रोडहून लोकलने सांताक्रूझला उतरावे व पूर्वेकडे बाहेर पडून कालिन्याची बस किंवा रिक्षा धरावी.