एरफुर्ट : नदीवरची सातशे वर्षांची पेठ

जर्मनीतील थुरिंगिया राज्याची राजधानी असलेल्या एरफुर्ट शहराच्या जुन्या भागात एक अरुंद, फरसबंदी रस्ता आहे. दोन्ही बाजूंना एकमेकांना खेटून उभी असलेली उंच, निमुळती घरे, तळमजल्यावर दुकाने आणि वर बिऱ्हाडे. येथून चालणाऱ्या नवख्या माणसाला आपण पुलावर आहोत याची कल्पनाही येत नाही, कारण घरांच्या आडून नदी कोठेच दिसत नाही. हाच 'क्रेमरब्रुक', म्हणजे किरकोळ व्यापाऱ्यांचा पूल. सुमारे १२० मीटर लांबीच्या या दगडी पुलाला २०२५ मध्ये सातशे वर्षे पूर्ण झाली.

एरफुर्टच्या नावातील 'फुर्ट' या शब्दाचा अर्थच मुळी नदीचा उतार असा आहे. ऱ्हाइनच्या खोऱ्यातून पूर्वेकडे जाणारा 'व्हिया रेजिया' हा मध्ययुगीन राजमार्ग येथेच गेरा नदी ओलांडत असे. बाराव्या शतकात या जागी लाकडी पूल होता आणि त्यावर व्यापाऱ्यांची दुकाने थाटलेली होती. मात्र हा पूल वारंवार आगीच्या भक्ष्यस्थानी पडू लागल्याने दगडी पूल बांधण्यात आला. तो १३२५ मध्ये पूर्ण झाला. पुलाच्या दोन्ही टोकांना चर्च होते. त्यांपैकी पूर्वेकडील एगिडियन चर्च आजही उभे असून, त्याखालील कमानीतूनच पुलावर प्रवेश होतो.

१४७२ च्या भीषण आगीत शहराचा मोठा भाग आणि पुलावरील दुकाने जळून खाक झाली. त्यानंतर येथे लाकडी सांगाड्याची ६२ घरे नव्याने उभारण्यात आली. पुलाची रुंदी अपुरी पडल्याने कमानींच्या बाहेर लाकडी तुळयांचा आधार देऊन घरांचा मागचा भाग पाण्यावर तोलण्यात आला. पुढे शेजारची घरे एकमेकांत जोडली गेली आणि आज त्यांची संख्या ३२ आहे.

मिरी, केशर, साखर, रेशीम आणि औषधी वनस्पती अशा दूरदेशीच्या मालाचा व्यापार येथे चाले. शहराच्या श्रीमंतीचा खरा पाया मात्र 'वाइड' या वनस्पतीपासून मिळणारा निळा रंग हा होता. या वैभवाला धक्का बसला तो भारतामुळे! समुद्रमार्गाने आलेली भारतीय नीळ अधिक गडद आणि सरस ठरली. सतराव्या शतकापर्यंत एरफुर्टचा रंगव्यापार ओसरला. पुलावरची वस्ती मात्र टिकली.

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत पुलावरील काही घरांची हानी झाली. युद्धानंतर ती पुन्हा उभारण्यात आली. पूर्व जर्मनीच्या काळात घरांची डागडुजी झाली, तर १९८५-८६ मध्ये कमानींची दुरुस्ती करण्यात आली. जर्मनीच्या एकीकरणानंतर वेगळाच प्रश्न उभा राहिला. बहुतेक घरे नगरपालिकेच्या मालकीची. ती जास्त भाडे देणाऱ्याच्या हाती गेली असती, तर येथे स्मरणवस्तूंची एकसारखी दुकाने आणि वर रिकाम्या खोल्या एवढेच उरले असते.

हे टाळण्यासाठी १९९६ मध्ये 'क्रेमरब्रुक प्रतिष्ठान' स्थापन करण्यात आले. रिकाम्या होणाऱ्या दुकानाचा भाडेकरू निवडताना त्याच्या व्यवसायाचे स्वरूप पाहिले जाते. त्यामुळे हस्तकलाकार, कुंभार, कलादालने, जुन्या वस्तूंचे विक्रेते येथे तग धरून आहेत. कधी काळी भारतीय निळीपुढे हरलेल्या वाइडच्या रंगात रंगवलेले कापडही येथे मिळते. क्रमांक ३१ च्या घरात प्रतिष्ठानचे कार्यालय असून, तेथे पुलाचा इतिहास पाहता येतो.

वरच्या मजल्यांवर आजही कुटुंबे राहतात. संध्याकाळी दुकाने बंद होतात, पर्यटक परततात आणि पुलावरच्या खिडक्यांत दिवे लागतात. युरोपात घरांनी भरलेले अनेक पूल होते. वाहतुकीच्या सोयीसाठी त्यांतील बहुतेक पूल किंवा त्यांवरील घरे पाडण्यात आली. एरफुर्टची ही पेठ मात्र दगडाच्या कमानींइतकीच तेथे राहणाऱ्या माणसांच्या बळावर उभी आहे.