बालवाचकांसाठी गोष्टींच्या पुस्तकांची निवड : मराठीतील परंपरा आणि वर्धा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

बोरगाव मेघे ही वर्धा शहरालगतची वस्ती असून जनगणनेच्या दप्तरी तिची नोंद 'नगर' म्हणून झाली आहे. मात्र गावपणाच्या खुणा तिने अद्याप पुसलेल्या नाहीत. नोकरदार, शेतमजूर आणि लहान व्यावसायिक अशा विविध कुटुंबांतील मुले अशा वस्तीत एकाच वर्गात बसतात. इयत्ता पहिली ते तिसरीच्या या मुलांच्या हाती पाठ्यपुस्तकाशिवाय कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु मुलांनी काय वाचावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यातील मूळ प्रश्न असून त्याला मराठीत सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासातील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेऊन पुस्तकनिवडीचे निकष शोधणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नीतिकथांचा कालखंड :

मराठीतील मुद्रित बालसाहित्याचा आरंभ अनुवादाने झाला. तंजावरच्या सरफोजीराजांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापच्या कथांचे मराठी रूपांतर 'बालबोधमुक्तावली' या नावाने छापले गेले. पुढे मुंबई इलाख्यात शाळांसाठी पुस्तके तयार करण्याचे कार्य संस्थात्मक पातळीवर सुरू झाले. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बालमित्र' आणि 'इसपनीतिकथा' ही पुस्तके १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. यांपैकी 'बालमित्र'चे मूळ बर्क्विन या फ्रेंच लेखकाच्या ग्रंथात होते.

या कालखंडात पुस्तकाची शिफारस करणारा घटक म्हणजे शाळाखाते होय. गोष्टीचे मूल्य तिच्या अखेरीस येणाऱ्या तात्पर्यावरून ठरत असे. मुलास गोष्ट आवडते किंवा कसे, हा विचार दुय्यम होता. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' (१८८१) आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' (१९०६) या मासिकांनी ही चौकट काही अंशी सैल केली. निवडीचा अधिकार खात्याकडून संपादकाकडे आला आणि मनोरंजनास प्रतिष्ठा लाभली.

वर्धा आणि नई तालीम :

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने या चर्चेस वेगळे वळण दिले. परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योग आणि मातृभाषा यांवर आधारित शिक्षणाचा आराखडा मांडला. सेवाग्राम येथे हिंदुस्थानी तालिमी संघाच्या वतीने आशादेवी व आर्यनायकम् यांनी तो प्रत्यक्षात आणला.

पाठ्यपुस्तकांच्या वर्चस्वाविषयी गांधीजी साशंक होते. पुस्तक सर्वेसर्वा झाल्यास शिक्षकाच्या जिवंत शब्दाचे मोल घटते, अशी त्यांची भूमिका होती. तथापि ते बालपुस्तकांचे विरोधक होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. येरवडा तुरुंगात असताना त्यांनी स्वतः मुलांसाठी 'बाळपोथी' लिहिली आणि तिची रचना आई व मूल यांच्या संवादाची ठेवली. त्यामुळे पुस्तक मुलाच्या घराशी आणि नित्याच्या कामाशी जोडलेले असावे, असा निकष वर्ध्याच्या या परंपरेतून मिळतो.

स्वातंत्र्योत्तर काळ :

स्वातंत्र्यानंतर बालपुस्तकांच्या निर्मितीत शासन उतरले. नॅशनल बुक ट्रस्ट (१९५७) या संस्थेच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेमुळे अल्प किमतीची सचित्र पुस्तके अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाली. महाराष्ट्रात २७ जानेवारी १९६७ रोजी 'बालभारती'ची स्थापना झाली आणि १९७१ मध्ये 'किशोर' मासिक सुरू झाले. मात्र नावाप्रमाणे हे मासिक काहीशा मोठ्या मुलांसाठी होते. सहा ते आठ वर्षांचा वाचक दीर्घकाळ उपेक्षित राहिला.

वय आणि पुस्तक यांची गल्लतही वारंवार झाली. साने गुरुजींचे 'श्यामची आई' (१९३५) हे पुस्तक घरोघरी लहानग्यांना भेट दिले जाते. परंतु त्यात प्रौढ श्याम मागे वळून आपल्या बालपणाकडे पाहतो. नुकतेच अक्षर जुळवू लागलेल्या मुलाला ते वाचून दाखवावे. त्याने ते स्वतः वाचावे, ही अपेक्षा अवाजवी आहे.

ही पोकळी पुढे चित्रपुस्तकांनी काही प्रमाणात भरून काढली. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' मालेत तात्पर्य नाही. त्यात आजी, आजोबा, आई, बाबा अशी घरातील माणसे आहेत. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार लाभला. २००४ मध्ये स्थापन झालेल्या 'प्रथम बुक्स' या संस्थेने वाचनाच्या चार पायऱ्या ठरवून पुस्तके दिली. त्यामुळे वयाऐवजी वाचनक्षमता हा निकष पुढे आला.

आजची स्थिती व निकष :

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे म्हटले असून त्यात गोष्टींच्या पुस्तकांचा स्पष्ट उल्लेख आहे. समग्र शिक्षा योजनेत (२०१८) प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वार्षिक ५,००० रुपयांपर्यंत तरतूद झाली. पुस्तकाची सरासरी किंमत ५० रुपये धरली तर एवढ्या रकमेत शंभर पुस्तके येतात. त्यांतील दहा पुस्तके चुकली तर मुलांच्या वाट्याची दहा पुस्तके वाया गेली, हे लक्षात घेतले पाहिजे.

वर्धा परिसरात आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. येथील अनेक मुलांची घरची बोली वऱ्हाडी वळणाची आहे आणि हिंदीही त्यांच्या कानावर असते. ग्रंथातील प्रमाण मराठी त्यांना काहीशी परकी वाटते. म्हणून पानावर मोजकी वाक्ये, अर्थ उलगडणारी चित्रे आणि पुनरावृत्ती असलेली पुस्तके आधी द्यावीत. गोष्ट प्रथम शिक्षकाने सांगावी, बोलीतून तिच्यावर गप्पा व्हाव्यात आणि नंतर पुस्तक मुलाच्या हाती जावे. गांधीजींना अभिप्रेत असलेला शिक्षकाचा जिवंत शब्द आणि छापील पुस्तक यांचा मेळ येथे बसतो.

निष्कर्ष :

शाळाखाते, संपादक, शासन आणि प्रकाशनसंस्था यांनी आपापल्या काळात मुलांसाठी पुस्तके निवडली. या दीर्घ परंपरेत मुलाचे मत मात्र क्वचितच विचारले गेले. कोणते पुस्तक पुन्हा पुन्हा मागितले जाते आणि कोणते कपाटात कोरे राहते, याची नोंद वर्गातील शिक्षक सहज ठेवू शकतो. ही नोंद पुढील खरेदीचा आधार ठरावी. पुस्तकांची यादी वरून येण्याऐवजी वर्गातून वर गेली, तर नई तालीमच्या भूमीत ते शिक्षणाच्या मूळ विचाराशी सुसंगत ठरेल.